ओव्याचं अत्तर

"हात पुढे कर गं," शैलाताई म्हणाली आणि तिनं माझ्या हातावर अत्तराची काडी फिरवली.

भस्सकन ओव्याचा वास आला.

मी हात नाकाशी नेला. आपलंच काही चुकतंय का? छे! ओवाच. तान्ह्या पोराचं पोट फुगलं की बेंबीभोवती लावतात, तो. कराडातल्या माझ्या थोरल्या बहिणीचं घर, संक्रांतीचं हळदीकुंकू, गल्लीतल्या सगळ्या बायका काठापदराच्या साड्या नेसून सतरंजीवर बसलेल्या, आणि प्रत्येकीच्या हाताला ओवा!

बायकांची चुळबुळ सुरू झालीच होती. कुणी हात पदराखाली पुसत होतं, कुणी खाली मान घालून खांदे हलवत होतं. शेजारच्या शिंगटे वहिनींना मात्र कुठलीच गोष्ट पोटात ठेवता येत नाही.

"शैलाताई, अत्तर जरा वेगळं दिसतंय यंदा," त्या म्हणाल्या.

"घरचं आहे," शैलाताई ठसक्यात म्हणाली. "गुलाबाचं. आमच्या उज्ज्वलेनं स्वतः केलंय."

झालं! सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. माझं तोंड असं तापलं की तिळगूळ हातातच विरघळायचा. चिपळूणहून घाट चढून, एसटीत हाडं खिळखिळी करून घेऊन मी आले होते ती काय हे बघायला? पण एवढ्यावर भागायचं नव्हतं. अत्तरामागून वाण आलं. बाकीच्यांना स्टीलचे डाव, आणि घरोब्याच्या बायकांना ताईनं एकेक तपकिरी बाटली दिली, गळ्याला लाल दोरा बांधलेली. सहा जणींना सहा, हाताला फिरवलेली तीही त्यातच, आणि सातवी माझ्या ओंजळीत.

माझी बाटली. मीच आणलेली, मीच भरलेली. मला वाण!

मी झाकण उघडलं. वाळा होता. आईचा वाळा.

इथं जरा थांबून सांगायला हवं, नाहीतर एका बाटलीवरून ही बाई एवढी का पेटली असं वाटायचं.

आदल्या वर्षी त्या साथीत शैलाताई चांगलीच आजारी पडली. त्यातून उठली खरी, पण आधीची राहिली नाही. ही बाई म्हणजे कराडात मसाल्याचं नाव. गोडा मसाला, कांदा-लसूण, उन्हाळ्यात तिच्या अंगणात मिरच्यांचे ढीग आणि दारात गिऱ्हाईक. फोन केला की अर्धा तास बोलायची आणि मला शब्द काढू द्यायची नाही. ती आजारानंतर "बरं आहे", "चाललंय" एवढ्यावर आली. जेवण जात नाही, झोप लागत नाही, कशात मन नाही. मी म्हटलं, हिच्यासाठी काहीतरी करायचं, आणि विकतचं नाही.

मी आमच्या इथल्या एका शिबिरात घरच्या घरी तेल काढायला शिकले होते. परसात गवती चहा, तुळस, ओव्याचा वाफा. निलगिरीचा पाला रस्त्यापलीकडे. जुन्या कुकरची शिटी काढून तिथं नळी बसवली, नळी बर्फाच्या बादलीतून फिरवली, आणि थेंबथेंब तेल धरायला बसले. आमचे हे येताजाता म्हणायचे, "हातभट्टी जोरात दिसतेय. पोलीस आले तर मी तुला ओळखत नाही." हसा म्हटलं. ढीगभर पाला उकळावा तेव्हा पाण्यावर चमचाभर तेल तरंगतं, ते ड्रॉपरनं उचलून घ्यायचं. लवंग तशीच. गुलाबाच्या पाकळ्या तिळाच्या तेलात मुरवल्या, रोज नव्या घालून.

आणि वाळा. आईच्या परसात मोरीच्या पाण्यावर वाळ्याचं बन होतं. उन्हाळ्यात माठात वाळा, आईच्या ट्रंकेत वाळा, तिच्या लुगड्यांना वाळा. आई गेल्यावर भावानं घर विकलं. विकत घेणाऱ्यानं परस उकरायला माणसं लावली, त्या दिवशी मी तिथं जाऊन मुळ्यांचं पोतं भरून आणलं होतं. ते सगळं पोतं त्या एका बाटलीत होतं. पुन्हा करायचं म्हटलं तर कुठून करणार?

सात बाटल्या झाल्या तेव्हा एक नवा मिसळणीचा डबा आणला. सात वाट्यांत सात बाटल्या अशा उभ्या बसल्या की मीच बघत राहिले. मसाले करणाऱ्या बहिणीला याहून शोभेल असा डबा कुठला? प्रत्येक बाटलीला चिठ्ठी बांधली. झोपताना उशीवर हे, छाती भरली तर हे, पोटाला हे. वाळ्याच्या चिठ्ठीवर काहीच लिहिलं नाही, नुसतं 'आई' लिहिलं. दिवाळीत तिच्या हातात दिला. तिनं डबा उघडला, बाटल्यांवरून हात फिरवला, "छान आहे गं" म्हणाली आणि झाकण लावलं. एकही बाटली उघडली नाही. मला तेव्हाच खटकलं होतं, पण म्हटलं पाहुणे आहेत, सवडीनं बघेल.

सवडीनं तिनं हे केलं! वाटून टाकला! ओवा हाताला फासला आणि आई मला परत दिली!

बायका जाईपर्यंत मी दात आवळून बसले. शेवटची चप्पल उंबऱ्याबाहेर पडली तशी मी स्वयंपाकघरात गेले. ताई तिळगुळाचे डबे आवरत होती.

"हा काय तमाशा केलास?"

"काय झालं?"

"काय झालं? माझ्या नावानं साऱ्या गल्लीला ओवा चोळलास आणि मलाच विचारतेस काय झालं? नको होतं तर तोंडावर सांगायचंस. परत दिला असतास. चार बायकांत माझं हसं कशाला केलंस?"

ताईच्या हातातला डबा तसाच राहिला. "ओवा होता?"

"नाही, केवडा होता!"

"मला वाटलं गुलाब," ती हळू आवाजात म्हणाली. "वाणाचे लाल दोरे बांधताना तुझ्या चिठ्ठ्या निघाल्या. मग कुठली कुठली ते..."

"अगं मग झाकण काढून हुंगायचं! चिठ्ठी कशाला लागते? नाक आहे ना देवानं दिलेलं?"

ताईनं डबा खाली ठेवला. ओट्याला टेकून उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. माझी ही बहीण आयुष्यात मला उलट बोलल्याशिवाय राहिलेली नाही. तिचं ते गप्प राहणं बघून माझा आवाज आपोआप खाली आला.

"ताई?"

"नाही येत, उजे," ती म्हणाली. "वासच येत नाही मला. त्या आजारापासून. कशाचाच नाही."

मला आधी कळेचना. मग एकेक कळायला लागलं. दिवाळीत न उघडलेला डबा. तिचं न जाणारं जेवण. आणि वाण. हिच्या लेखी माझ्या सातही बाटल्या नुसतं पाणी होत्या. घरात बघवत नव्हत्या, म्हणून देऊन टाकल्या होत्या.

"आणि मसाला? मसाला कसा करतेस मग?"

"धने रंगावर भाजते. खसखस तडतडते, तो आवाज ऐकते. हात सांगतो थोडंफार." तिनं पदरानं नाक पुसलं. "जिऱ्याला मात्र धाकधूक होते. जिरं एका क्षणात जातं."

"वर्ष झालं, ताई! वर्षभरात मला सांगावंसं वाटलं नाही? कुणालाच सांगितलं नाहीस?"

"यांना माहीत आहे."

तेवढ्यात दाजी आत आलेच. माझा आवाज बैठकीत पोहोचला असणार. दाजी म्हणजे ताईचे यजमान. मसाल्याच्या पुड्यांवर नाव त्यांचं, तराजू त्यांचा, आणि भाजणं-कुटणं ताईचं.

"उज्ज्वला, हळू बोल जरा," ते म्हणाले. "खिडकी उघडी आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं म्हणजे काय... येईल हळूहळू. बाऊ करण्यासारखं काय आहे त्यात?"

"डॉक्टरला दाखवलंत?"

"वास येत नाही म्हणून कोण डॉक्टरकडे जातं? पाय मोडलाय का हात मोडलाय?" दाजी हसले. खरंच हसले! "आणि कराडात गोष्ट फुटायला किती वेळ? मसालेवालीला वास येत नाही म्हटल्यावर उद्या दारात कुत्रं फिरकणार नाही. मीच शपथ घातलीय तिला. माझ्या गळ्याची."

दिवाळीतली एक गोष्ट मला तेव्हा आठवली. पंगतीत ताईनं आणलेली आमटी जरा लागली होती. हाच माणूस सगळ्यांदेखत म्हणाला होता, "तुझ्या बहिणीचं लक्ष कुठं असतं हल्ली कोण जाणे, रोज काहीतरी करपवते." आणि सगळे हसले होते. ताईही हसली होती. माहीत असून, दाजी! माहीत असून चार माणसांत तिला हसायला लावलंत!

हे मी मनात म्हटलं नाही. तोंडावर म्हटलं, आणि खिडकी उघडी होती तरी म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं. "तुमची जीभ एक दिवस बधिर झाली तर अख्खं कराड डोक्यावर घ्याल, आणि हिचं नाक गेलं तर त्याला शपथ घालता?" दाजी "तुला धंद्यातलं काय कळतं" म्हणत बाहेर गेले. ताई पुन्हा डबे आवरायला लागली.

"उद्या डॉक्टरकडे जायचं," मी म्हटलं.

"शपथ आहे गं त्यांची."

"ती माझ्याकडे लागली. चल."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारपेठेतल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही दोघी गेलो. तरुण मुलगी होती, पण शांतपणे सगळं ऐकून घेतलं, नाकात नळी घालून बघितलं. म्हणाली, "नाकाला इजा नाही. वास ओळखायचं विसरलंय ते. त्याला पुन्हा शिकवावं लागेल. लवकर आला असतात तर बरं झालं असतं."

मी ताईकडे बघितलं नाही. दाजी समोर नव्हते हे त्यांचं नशीब.

"शिकवायचं कसं?" ताईनं विचारलं.

"सोपं आहे, फक्त चिकाटी लागते. चार वेगवेगळे वास. गुलाब, लवंग, निलगिरी आणि लिंबासारखा एखादा, गवती चहाही चालेल. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली नाकाशी धरायची, डोळे मिटायचे आणि तो वास आठवायचा. काही महिने. खात्री देत नाही मी, पण पुष्कळांना फरक पडतो. फक्त तेलं अस्सल हवीत. बाजारात भेसळ फार. घरात आहेत का कुठली?"

मी ताईला कोपरानं ढोसलं.

"होती," ताई म्हणाली. "काल वाटली."

रस्त्यावर आल्यावर ताई म्हणाली, "तू परत करशील का गं?"

"करीन ना. गुलाब मुरायला दोन महिने. गवती चहा आत्ताच कापलाय, तो वाढेपर्यंत पावसाळा उजाडेल. आणखी किती थांबतेस? चल, मागून आणू."

"वाण?" ताई जागच्या जागी थांबली. "उजे, दिलेलं वाण परत मागायचं? सवाष्णीच्या ओटीतलं?"

घरी दाजींचं तेच. "अवलक्षण! तोंड दाखवायला जागा ठेवणार नाहीस तू आम्हाला. आणि मागताना कारण काय सांगणार?"

"खरं ते."

"खबरदार!"

"दाजी," मी म्हटलं, "वाण तुम्ही दिलं नव्हतं. बायकांचा व्यवहार आहे, तुम्ही पुड्या बांधा."

मिसळणीचा रिकामा डबा काखेत मारून मी निघाले. ताई मागून आली, पण दर दाराशी कोपऱ्यावर थांबायची. कुठली बाटली कुणाकडे गेली हे तिला माहीतच नव्हतं, म्हणजे सहाही दारं आली. शिंगटे वहिनींनी दार उघडलं आणि माझं मागणं ऐकून गालावर हात ठेवला.

"अगं बाई! परत? आमच्यात नाही हो असं कधी ऐकलं."

"आमच्यातही नाही. द्या."

"पण का?"

"ताईला औषधाला हवंय."

"काय झालंय शैलाताईंना?" वहिनींचे डोळे असे लकाकले की मला त्यांच्या दाराशी आणखी एक क्षण उभं राहवेना. त्यांनी आणलेली बाटली मी उघडली, हुंगली. तुळस निघाली. "ही राहू द्या तुम्हाला," म्हटलं आणि पुढच्या दाराला गेले. मागं त्या पलीकडच्या घरात हाका मारत असलेल्या ऐकू आल्या. मारा म्हटलं. एकीनं लवंग दिली, एकीनं तोंड वाकडं करून निलगिरी. गवती चहाची बाटली तर एका घरात फरशी पुसायच्या बादलीत अर्धी ओतली होती, "वास छान येतो म्हणून". मी उरलेली अर्धी घेतली आणि जिभेवर आलेलं गिळलं.

गुलाब निघाला इनामदारकाकूंकडे. हे ताईचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. मुली, सुना, नणंदा, सगळ्यांच्या घरचा मसाला ह्या बाई ताईकडून नेणार, आणि चिमूटभर इकडचं तिकडं झालं तरी ओळखणार. दाजी घाबरत होते ते यांनाच.

काकूंनी बाटली आणली, पण हातातच ठेवली.

"कशाला हवीय ते कळलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "मी देवघरात ठेवलीय."

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून ताईचा आवाज आला. कोपरा सोडून ती पायरीपर्यंत आली होती.

"मला वास येत नाही, काकू. वर्ष झालं. डॉक्टर म्हणतात, ह्या तेलांनी येईल कदाचित."

काकूंनी चष्मा वर केला. "म्हणजे गेल्या खेपेचा मसाला..."

"अंदाजानं भाजला."

"जिरं कच्चं होतं," काकू म्हणाल्या. "मी कुणाला बोलले नाही. मला वाटलं, माझीच जीभ म्हातारी झाली."

"चुकलं माझं. पैसे परत—"

"पैसे गेले चुलीत! वर्षभर सांगितलं का नाहीस, ते बोल."

आता मात्र मला राहवलं नाही. "तिला शपथ घातली होती, काकू. धंदा बुडेल म्हणून. बाईचं नाक गेलं त्याचं काही नाही, दुकानाचं नाक सांभाळायचं होतं!"

इनामदारकाकूंनी माझ्याकडे बघितलं, ताईकडे बघितलं, आणि बाटली ताईच्या हातात दिली. "पुढच्या वेळी जिरं भाजायला घेतलंस की मला बोलाव. खुर्ची टाकून बसेन कढईपाशी. आणि तुझ्या नवऱ्याला सांग, काकू त्यांच्याशी बोलणार आहेत."

काय बोलल्या ते मला कळलं नाही. त्या दिवशी मी निघाले तेव्हा दाजी मला सोडायला स्टँडवर आले, एवढंच सांगते. पिशवी उचलली, तोंडातून मात्र शब्द नाही. माफी तर सोडाच.

निघण्याआधी डब्यात चार बाटल्या बसवल्या. पाचवा वाळा मी पर्समधून काढून मधल्या वाटीत ठेवला. ताई म्हणाली, "हा डॉक्टरांनी सांगितला नाही."

"मी सांगतेय."

सगळं गोड झालं असं समजू नका. शिंगटे वहिनींनी गाव फिरून सांगितलं. दोन-तीन मोठी गिऱ्हाइकं तुटली, आणि दाजींनी ती ताईला दर जेवणाला मोजून दाखवली. उन्हाळा गेला, पावसाळा अर्धा गेला. मी फोनवर रोज विचारायची, ती रोज सांगायची, "लवंग टोचल्यासारखी होते नाकात. वास नाही." एकदा म्हणाली, "वाळा शेवटी उघडते. डोळे मिटून बसते. आई काही येत नाही गं." फोन ठेवला, आणि राग आला तो कुणावर काढावा कळेना, म्हणून मागीलदारची सगळी भांडी घासून काढली.

गणपती चार दिवसांवर होते. सकाळी मी चहा गाळत होते, फोन वाजला. ताई. आवाज असा की माझ्या हातातलं गाळणं पडलं.

"उजे! उजे, दूध करपलं!"

"काय?"

"दूध गं! मी बाहेर रांगोळी काढत होते. दारात बसून वास आला. करपल्याचा! घाण! काय घाण वास आहे गं, शी!" ती हसत होती का रडत होती कोण जाणे. मागं दाजी ओरडत होते, पातेलं गेलं, घरभर धूर झालाय, ही बाई फोनवर काय बोलतेय.

"ताई, आधी गॅस बंद कर!"

"करते गं."

"आत्ता कर! ऐकतेस का?"

"करते म्हटलं ना," शैलाताई म्हणाली. "थांब जरा. येऊ दे अजून थोडा."